एक सूर्य, चार उच्चार

'चित्र बघा, कांजी ओळखा! ३० दिवसांत जपानी वाचा!' अशी एक जाहिरात हल्ली फोनवर सारखी येते. (कांजी म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, गाजराची कांजी वेगळी.) जपानी मुलांना पहिलीच्या अख्ख्या वर्षात ८० कांजी शिकवतात आणि नेहमीच्या वापरातल्या कांजींची सरकारी यादी २,१३६ची आहे. ३० दिवसांचं काय ते समजा.

सूर्याचंच अक्षर घेऊ. उभी चौकट, मधोमध आडवी रेघ. आधी डावी उभी रेघ, मग वरची आडवी काढून हात न उचलता उजवीकडून खाली, मग मधली, तळ शेवटी. आत चुकून दोन रेघा मारल्या, तर सूर्याचा डोळा होतो!

चित्र इथे संपलं. आता रविवार: 'निचियोबी'. लिहायला तीन कांजी, त्यातली पहिली आणि शेवटची हीच. तीच खूण आधी 'निचि', मग 'बी'?

चक्रावू नका. आपण '४' ला चार म्हणतो, पण '४था' चौथा वाचतो. खूण अर्थाची, उच्चार शेजाऱ्यांवरून ठरतो. 'निचि' हा चिनी पाहुणा. जुन्या चिनीत तो साधारण 'न्यित्' होता. जपानीत शब्दाअखेर 'त्' टिकत नाही, त्याला स्वर जोडावा लागतो, म्हणून 'निचि'. पुढे चीनमध्ये तांग घराण्याच्या काळात राजधानीच्या चिनीत 'न'चा 'ज'कडे झुकणारा उच्चार झाला आणि तोच शब्द जपानमध्ये दुसऱ्यांदा आला, 'जित्सु' होऊन. दोन्ही राहिले.

'बी' मात्र घरचा. सूर्य किंवा दिवस म्हणजे 'हि'. जोडशब्दात मागे आला की त्याचं पहिलं व्यंजन मृदू होतं. पण 'ह'चा 'ब' कसा? कारण हा 'ह' फार पूर्वी 'प' होता. प्‌चा ब् आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे: अप् + ज = अब्ज. फरक इतकाच, की आपल्याकडे पुढच्या मृदू व्यंजनामुळे होतं, तिथे शब्द जोडला गेला म्हणून.

चौथा उच्चार 'का', तारखांतला. २ तारीख 'फुत्सुका', ३ तारीख 'मिक्का'. १ तारखेला मात्र 'एक' आणि 'सूर्य' लिहून वाचायचं 'त्सुइताची'. त्यात ना एक, ना सूर्य. त्याच्या मुळाशी आहे 'त्सुकि', म्हणजे चंद्र. 'प्रतिपदा' लिहायचं आणि 'पाडवा' म्हणायचं, तसं.