तेरचं संग्रहालय आणि गावाची पांढर

मुलांना घेऊन तेरला जाणार असाल, तर वाटेतच त्यांना एक शब्द सांगून ठेवा: पांढर. जुनी वस्ती मोडते, तिच्यावर नवी उभी राहते, आणि शेकडो वर्षांत मातीचं टेकाड साचतं, त्याला आपल्याकडे पांढर म्हणतात. धाराशिव जिल्ह्यात तेरणेकाठच्या या गावात अशी टेकाडं आहेत. तिथलं संग्रहालय त्यांच्याच पोटातून आलेलं आहे.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात 'तगर' नावाची मोठी बाजारपेठ येते. पैठणहून पूर्वेला १० दिवसांची वाट. तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि पुढे जहाजांत चढे. हे तगर कुठलं, यावर बराच खल झाला. कुणी जुन्नर म्हणे, कुणी देवगिरी. १९०१ मध्ये जुन्या शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी ते तेरच असल्याचं मांडलं. स्वातंत्र्यानंतर रीतसर उत्खननंही झाली.

पण संग्रहालय उभं राहिलं ते गावातल्याच एका माणसामुळे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीत सापडणारे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती आयुष्यभर जमवल्या. पुढे हा संग्रह शासनाकडे आला, आणि आजही संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. ते नसते तर यातलं कितीतरी कुठल्या कुठे गेलं असतं, म्हणून मुलांना हे नाव आवर्जून सांगावं.

आत गेल्यावर सगळं दाखवायची घाई करू नका. सातवाहनकाळातली मातीची एखादी मूर्ती निवडा आणि तिची कड बघायला सांगा. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात. दोन्ही जोडले की मूर्ती तयार, आतून पोकळ. घरी मोदकाचा साचा हाताळलेल्या मुलाला हे लगेच कळतं. मग हस्तिदंती स्त्रीप्रतिमेपाशी थांबा. तिच्याशी मिळतीजुळती एक प्रतिमा १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पाँपेईत सापडली, जे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं.

बाहेर पडलात की विटांचं त्रिविक्रम मंदिर बघा. त्याची मागची भिंत चैत्यासारखी, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहासारखी, गोलाकार आहे. तिथून गोरोबाकाकांच्या समाधीला जा. तेर हे त्यांचंच गाव, आणि तेही मातीच तुडवत होते.