बैलगाडीला आठ, पायी चालणाऱ्याला काहीच नाही

धुळ्याचा आग्रा रोड हा मूळचा मुंबई-आग्रा मार्ग. महामार्ग शहराबाहेरून वळवला गेला, तरी त्याच्या कडेने वाढलेली बाजारपेठ जागच्या जागी राहिली. जळगावात सुभाष चौक, दाणा बाजार आणि फुले मार्केट यांच्या आसपासच्या रस्त्यांनाही वाहने पुढे काढून देणे आणि खरेदीला आलेल्या माणसाला दुकानापाशी रेंगाळू देणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. मात्र या दोन कामांची मोजणी एकाच मापाने होत नाही, आणि नियोजनातला पक्षपात बहुधा तिथूनच, कोणाचा तसा हेतू नसतानाही, शिरतो.

निरनिराळ्या वाहनांची बेरीज करता यावी म्हणून वाहतूक अभियंते 'पीसीयू' (पॅसेंजर कार युनिट), म्हणजे एक वाहन किती मोटारींएवढे ते सांगणारे एकक वापरतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या तक्त्यात मोटारीला 1, दुचाकीला 0.5, ट्रक किंवा बसला 3, हातगाडीला 3 आणि मोठ्या बैलगाडीला 8 अशी किंमत आहे. शहरी रस्त्यांचे आकडे वेगळे आहेत. पण पादचारी दोन्हीकडे नाही, कारण तो वाहन नाही. तासाला किती पीसीयू बाहेर पडले एवढ्यावरच चौकाची कार्यक्षमता ठरवली, तर पायी येणारी सारी गर्दी हिशेबात केवळ अडथळा म्हणून उरते.

पादचाऱ्यांसाठी निराळा निकष आहे. गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांची संख्या घ्यायची, तिला वाहनसंख्येच्या वर्गाने गुणायचे, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार 10 कोटींच्या पुढे गेला, तर ओलांडण्यासाठी खास सोय करावी, असा तो आहे. तासाला 500 वाहने आणि 400 पादचारी असले की ही मर्यादा गाठली जाते. वाहने 1,000 झाली, तर 100 पादचारीही पुरतात. वाहनांचा वर्ग घेतल्याने वाढत्या धोक्याला योग्य वजन मिळते, हे मान्य करायला हवे. तरीही मोजणीत येतो तो प्रत्यक्ष ओलांडणारा माणूस. पलीकडच्या दुकानात जायचे म्हणून निघालेली आणि रहदारी पाहून अलीकडेच खरेदी उरकणारी वृद्ध बाई या आकड्यात कधीच दिसत नाही, आणि रस्ता जितका भयंकर, तितकी अशी न दिसणारी माणसे अधिक.

खरा संघर्ष सिग्नलच्या वेळेत आहे. 1958 साली ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतील एफ. व्ही. वेब्स्टर यांनी वाहनांचा एकूण विलंब कमीत कमी राहील असा सिग्नल-चक्राचा, म्हणजे सर्व दिशांच्या दिव्यांच्या एका पूर्ण फेरीचा, कालावधी काढण्याचे सूत्र मांडले. दिवा बदलताना दर वेळी काही सेकंद वाया जातात, म्हणून रहदारी वाढली की चक्र लांबवणे वाहनांच्या सोयीचे ठरते. त्याच लांबलेल्या चक्रात पादचारी मात्र अधिक काळ उभा राहतो. साधारण अर्ध्या मिनिटानंतर त्याचा धीर सुटू लागतो आणि तो मिळेल त्या फटीतून निघतो. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकलेला असताना, सावली नसलेल्या चौकात हा धीर किती टिकेल, हे खान्देशात कोणाला सांगायला नको; म्हणून थांबण्याच्या जागी झाड किंवा छत असणे हा वाहतूक नियोजनाचाच भाग मानला पाहिजे.

रस्त्याच्या रुंदीच्या बाबतीत मात्र दोन्ही पक्षांचे हित जुळते. सिग्नलच्या गणितात चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला 1.2 मीटर धरतात. 14 मीटर रुंद रस्ता ओलांडायला जवळजवळ 12 सेकंद लागतात, आणि सेकंदाला 0.9 मीटर चालणाऱ्या वृद्धाला 15 हून अधिक. तेवढा वेळ मुख्य रस्त्यावरची वाहने रोखावी लागतात. चौकाच्या तोंडाशी दोन्ही कडांनी, जिथे एरवी दुचाकी आणि लोटगाड्या उभ्या असतात, तिथे पदपथ पुढे आणून हे अंतर 9 मीटरवर आणले, तर ओलांडण्याचा वेळ 4 सेकंदांनी घटतो. 90 सेकंदांच्या चक्रात असे तासाला 40 वेळा घडते, म्हणजे सुमारे पावणेतीन मिनिटे वाहनांना परत देता येतात. त्यासाठी दिलेली जागा पार्किंगने आधीच गिळलेली असते. अर्थात पुढे आणलेला पदपथही लोटगाडीने व्यापला, तर हे सारे गणित कागदावरच राहते, त्यामुळे फेरीवाल्यांची जागा त्याच आराखड्यात दाखवावी लागते. त्यांना हुसकावून हा प्रश्न आजवर कोठेही सुटलेला नाही.

वेगाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. ताशी 50 किलोमीटर वेगाच्या वाहनाची गतिज ऊर्जा 30 च्या वेगापेक्षा पावणेतीन पटींहून अधिक असते, म्हणजे धडकेचा आघातही तसाच वाढतो, आणि दर काही मिनिटांनी चौक येणाऱ्या पेठेत दोन चौकांमधल्या जादा वेगाने फारसा वेळ वाचत नाही.

वाहने पूर्ण बंद करण्याचा पर्यायही आहे. कोपनहेगनने स्ट्रोएट हा बाजाररस्ता 1962 मध्ये पादचाऱ्यांसाठी राखला. आपल्याकडे सराफ बाजारासारख्या अरुंद गल्लीत असा प्रयोग शोभेल, दाणा बाजारात नाही. तिथे पोत्यांनी भरलेली गाडी दुकानाच्या दारापर्यंत यावीच लागते, त्यामुळे माल उतरवण्याची वेळ सकाळी ठरवून देणे आणि त्यानंतर रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा करणे एवढेच तिथे शक्य दिसते.