सीएसएमटी आणि जीपीओ एकाच माणसाने बांधलं? नाही हो

मुंबईच्या जीपीओचा, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाचा, फोटो कुणी टाकला की खाली हमखास येतं, "हेही स्टीव्हन्सनेच बांधलं, शेजारच्या सीएसएमटीसारखं". वर्षानुवर्षं फिरतंय हे आणि साफ चुकीचं आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स 1900 मध्येच वारले आणि जीपीओचं काम सुरू झालं 1904 ला, संपलं 1913 मध्ये, मग त्यांनी बांधलं कसं? डिझाईन जॉन बेगचं, आणि काम बघायला जॉर्ज विटेट, हो तेच गेटवे ऑफ इंडियावाले.

आणि खरं सांगू का, नुसतं नीट बघितलं तरी कळतं. सीएसएमटी म्हणजे व्हिक्टोरियन गॉथिक, टोकदार कमानी, मनोरे, दगडात कोरलेले प्राणीपक्षी. जीपीओ इंडो-सारासेनिक, म्हणजे आपल्याकडच्या सुलतानी इमारतींचं वळण घेतलेलं, काळा बेसाल्ट, त्याला कुर्ल्याच्या पिवळ्या दगडाची जोड, आणि वरचा तो मोठा घुमट थेट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला. एकदा आत जाऊन मधल्या हॉलमध्ये उभं राहून मान वर करून बघाच, मला तर दर वेळी तिथून निघावंसं वाटत नाही.

त्यावरून दुसरं एक पसरलंय की हा घुमट गोल घुमटाएवढाच आहे, तेही खरं नाही, विजापूरचा बाहेरून जवळपास 44 मीटर व्यासाचा आहे, जीपीओचा त्यापेक्षा बराच लहान.