चक्कर म्हणजे नेमकं काय?

आत्या निपाणीची. उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. गेल्या पावसाळ्यात तिला बेळगावच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हैसूरकडचे, मराठी जेमतेम. आतेभाऊ मध्ये उभा राहिला.

"तले सुत्तुत्ता?" डॉक्टरांनी विचारलं.

"आई, चक्कर येती का?"

"येती की. बसल्या जागी काय होत न्हाई बघ. पहाटं उठलं की डोळ्याफुडं अंधारी येती, भिताडाला धरावं लागतंय. बीपीची गोळी वाढवल्यापास्नं."

भाऊ डॉक्टरांकडे वळला. "हौदु सर, तले सुत्तुत्ते."

चक्करची गोळी घेऊन आम्ही घरी आलो. आठवड्याने आत्या न्हाणीत पडली. खुबा वाचला, हे नशीब.

गरगरणं आणि अंधारी येणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आपल्या कानाच्या आत असतात. शेजारचे कॅल्शियमचे बारीक कण सुटून त्यांत शिरले, की नुसती कूस बदलली तरी घर फिरायला लागतं. अंधारीचा संबंध रक्तदाबाशी. माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. एरवी शिरा लगेच आवळतात, हृदय जोराने चालतं आणि दाब सावरतो. वय झालेलं असलं किंवा बीपीचं औषध जास्त झालं, तर हे सावरणं कमी पडतं आणि मेंदूला क्षणभर रक्त अपुरं मिळतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब 20 किंवा खालचा 10 अंकांनी उतरला, तर डॉक्टर हेच निदान करतात. त्यावर चक्करची गोळी कामाची नाही.

मला लागून राहिलं ते वेगळंच. कन्नडमध्ये अंधारीला 'कण्णु कत्तले' असा सरळ शब्द आहे. दोन्ही भाषांत हा फरक होता, तो मधल्या माणसाकडे गळून पडला. भावाचं कन्नड बाजारापुरतं, त्यात समोर आई आजारी. त्याला दोष कसा द्यायचा?

अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांच्या बालरुग्ण तपासण्यांचं ध्वनिमुद्रण करून 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 13 तपासण्यांत दुभाष्यांच्या 396 चुका निघाल्या. निम्म्याहून अधिक चुका गाळण्याच्या होत्या, म्हणजे बोललेलं पुढे पोचलंच नाही. 63 टक्के चुकांचा उपचारांवर परिणाम होऊ शकला असता. दवाखान्याच्या दुभाष्यांपेक्षा ऐनवेळी उभ्या केलेल्या माणसांच्या चुका जास्त धोक्याच्या होत्या. आपल्या सीमाभागात तर हे काम सून, शेजारी, कधी शाळकरी पोरसुद्धा करतं. दवाखान्याने हे काम कुणाकडे तरी नेमून द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या खेपेला खानापूरच्या सिस्टर होत्या, दोन्ही भाषांत सारख्याच मोकळ्या. त्यांनी आत्याला मध्ये न तोडता बोलू दिलं आणि सगळं जसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी लगेच आडवं झोपवून आणि मग उभं करून बीपी घेतलं. उभ्याने वरचा दाब 28 ने उतरला होता. गोळी अर्धी झाली.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "आज्जी, आता तुम्ही मला सांगा, गोळी कशी घ्यायची?" सांगितलेल्यातलं 40 ते 80 टक्के रुग्ण लगेच विसरतात, असं संशोधनात आढळलंय.

"पांढरी अर्धी, सकाळी आनि रात्री," आत्या म्हणाली.

"रात्री न्हाई आज्जी. फक्त सकाळी." सिस्टरनी पाकिटावर पेनाने सूर्य काढला आणि पुन्हा विचारलं.