वाढीव शक्तीच्या ट्रक इंजिनाचा इंधनपुरवठा

मूळ रचनेपेक्षा जास्त अश्वशक्ती काढण्यासाठी फेरफार केलेल्या डिझेल इंजिनाला टाकीपासून नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये फवारा सोडणाऱ्या तोटीपर्यंत) पुरेसे, गाळलेले आणि हवेचे बुडबुडे नसलेले डिझेल अखंड पोचवण्याची व्यवस्था. मराठवाड्यातल्या गॅरेजांत या कामाला सरसकट ‘पंप वाढवणे’ म्हणतात. गाडीत मात्र पंप दोन असतात, आणि फसलेल्या बऱ्याच कामांचे मूळ इथेच सापडते : वाढवला जातो तो डिझेल मोजून जोराने नोझलकडे दाबणारा इंजेक्शन पंप, कमी पडतो तो त्याच्या कुशीत बसलेला, टाकीतून डिझेल ओढून आणणारा छोटा फीड पंप.

पारंपरिक डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवणारी झडप नसते. सिलिंडर मिळेल तितकी हवा भरून घेतो. किती शक्ती निघणार हे आत फवारलेल्या डिझेलच्या मात्रेवर ठरते. इंजेक्शन पंपाच्या रॅकला (डिझेलची मात्रा कमीजास्त करणाऱ्या दांडीला) थोडे पुढे सरकू दिले, की गाडी जोर धरते. बॉशने असे रांगेतले इंजेक्शन पंप १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर बनवले. भारतात १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीमुळे ते गावोगावच्या मेकॅनिकच्या हाताखाली आले. सील तोडून मात्रेची मर्यादा ठरवणारा स्क्रू फिरवण्याची विद्या तेव्हापासूनची.

मागणी किती वाढते याचा हिशोब सोपा आहे, पण तो क्वचितच केला जातो. चांगले ट्रक इंजिन एका किलोवॅट-तासाला २०० ते २२० ग्रॅम डिझेल जाळते, फेरफार केलेले थोडे जास्त. टाटाच्या ट्रकांत बसलेले ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे कमिन्स इंजिन घेऊ. १८० अश्वशक्तीवर ते पूर्ण भाराला ताशी सुमारे ३४ लिटर डिझेल खाते. अमेरिकेत याच घराण्यातली इंजिने पिकअप गाड्यांत बसली आणि तिथल्या हौशी मंडळींनी ती ५०० अश्वशक्तीच्याही पुढे नेली. ५०० ला ताशी सुमारे १०० लिटर लागतात. मिनिटाला २,४०० फेरे धरले तर सहा सिलिंडर मिळून ७,२०० फवारे होतात. म्हणजे एका फवाऱ्यातली मात्रा ८० घन मिलिमीटरवरून २३० वर जाते. तीस अंशांच्या फवाऱ्याला तेव्हा वेळ मिळतो सेकंदाचा जेमतेम पाचशेवा भाग. मराठवाड्यात ऊस नाहीतर जालन्याच्या सळया वाहणाऱ्या मालकाला ५०० अश्वशक्ती नको असते. बीडजवळचा मांजरसुंब्याचा घाट एक गिअर वर ठेवून चढावा, एवढीच त्याची इच्छा. पण नियम छोट्या वाढीलाही तेच लागू होतात.

फीड पंपाने जळेल तेवढेच डिझेल देऊन भागत नाही. जादा डिझेल इंजेक्शन पंपाच्या गॅलरीतून (आतल्या डिझेल भरलेल्या पोकळीतून) फिरून, पंप थंड ठेवत आणि बुडबुडे सोबत घेऊन रिटर्न लाइनने टाकीत परतते. त्यामुळे पुरवठा खपाच्या निदान दुप्पट हवा. इंजेक्शन पंपातले एलिमेंट म्हणजे एक नळी आणि तिच्यात वरखाली सरकणारा दट्ट्या, प्लंजर. प्लंजर खाली आल्यावर नळीचे भोक क्षणभरच उघडे राहते. तेवढ्यात एलिमेंट भरायचे तर गॅलरीत दाब टिकला पाहिजे. जादा डिझेल रिटर्नला सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग मेली, की दाब रिटर्नमध्ये निसटतो आणि एलिमेंट अर्धवट भरते. मग लोक नोझल बदलतात, पंप कॅलिब्रेशनला पाठवतात, आणि दोष जागच्या जागी राहतो.

त्याहून फसवी बाजू सक्शनची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढण्याची. फीड पंपाच्या पुढे गळती झाली तर डिझेल टपकते, डोळ्यांना दिसते. मागे, टाकीच्या बाजूला, सांधा सैल असेल तर बाहेर थेंबही येत नाही. आत हवा जाते. यालाच ‘गाडीने एअर घेतली’ म्हणतात. सांधे घट्ट असले तरी ओढ फार वाढली, की डिझेलमध्ये विरघळलेली हवा आपोआप सुटते. म्हणून सक्शन पाइप रुंद हवा : ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचा घेतला तर वाट दीडपटीहून मोठी होते. मात्र पाइप बदलून बँजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) जुनाच ठेवला, तर सगळा प्रवाह त्याच्या बारीक भोकापाशी अडतो. टाकीच्या झाकणाचा श्वास (हवा आत घेणारे छिद्र) धुळीने बुजला असेल तर टाकीतच निर्वात तयार होतो. चढावर दम टाकलेल्या गाडीचे झाकण उघडताच फुस्स आवाज यावा आणि ती पुन्हा नीट चालावी, हा अनेक ड्रायव्हरांच्या परिचयाचा चमत्कार. बॅरलमध्ये साठवलेले डिझेल पाणी आणि गाळ घेऊन येते, ते वेगळेच.

उन्हाळा इथे स्वतंत्र घटक आहे. परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर असतो, त्यात रिटर्नचे गरम डिझेल अर्ध्या रिकाम्या टाकीत पडत राहते. २५ अंशांचे डिझेल ६५ अंशांवर गेले, की त्याच मापात सुमारे तीन टक्के कमी वजन बसते. शिवाय पातळ झाल्यामुळे झिजलेल्या एलिमेंटमधून ते मागे निसटते. मे महिन्यात टाकी भरलेली ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज.

डिझेल वाढले की हवाही वाढली पाहिजे. धूर आटोक्यात ठेवायला एक किलो डिझेलमागे साधारण २० किलो हवा लागते. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो तोच ठेवला तर वरचे डिझेल काळा धूर होऊन जाते आणि एक्झॉस्ट तापते. टर्बोअलीकडे सुमारे ७०० अंश सेल्सिअस ही धोक्याची खूण मानतात. त्यापुढे पिस्टन वितळायला लागतात. ट्रकला पूर्ण भार घाटापुरताच येतो. दुष्काळात तमिळनाडूच्या तिरुचेंगोडकडून येणाऱ्या बोअरच्या गाड्यांवरचे कॉम्प्रेसर इंजिन मात्र तासन्‌तास भाराखाली चालते. इंधनाची स्वच्छता काय असते हे त्या गाड्यांवर पाहावे.

सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून उच्च दाबाचे डिझेल देणाऱ्या नव्या कॉमन रेल इंजिनांत दाब १,६०० बार आणि त्याहून वर जातो, मात्रा संगणक ठरवतो, स्क्रू नसतो. टाकीकडची बाजू मात्र तशीच राहते, उलट घाण अजिबात चालत नाही. कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल करू देत नाही.

पुरवठा पुरतो की नाही हे गॅरेजात उभ्या गाडीवर कळत नाही, कारण बिनभाराचे इंजिन नाममात्र डिझेल पिते. फिल्टर आणि इंजेक्शन पंपाच्या मध्ये दाबमापक जोडायचा, भरलेली गाडी चढाला न्यायची आणि पूर्ण रेसवर काटा पाहायचा. काटा स्थिर असूनही जोर कमी असेल तर इंजेक्शन पंपाकडे वळावे. पडत असेल तर पाना घेऊन टाकीकडे.