लष्करी धाटणीच्या रायफलींची नागरी मालकी : अमेरिकेतील वाद

लष्करी रायफलींच्या धर्तीवर बनवलेल्या अर्धस्वयंचलित रायफली सामान्य नागरिकाला बाळगू द्याव्यात की नाही, यावरून अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चाललेला कायदेशीर व राजकीय वाद. या रायफलीतून चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते; पुढचे काडतूस मात्र आपोआप नळीत चढते. चाप दाबून धरताच फैर झाडणारी मशीनगन या वादात येत नाही. तिच्यावर १९३४ च्या कायद्याने नोंदणी आणि २०० डॉलर कर लादला, आणि १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन नागरिकाला घेताच येत नाही. वादाच्या केंद्रस्थानी आहे ती एआर-१५.

युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात घडवली. १९५९ मध्ये हक्क कोल्ट कंपनीकडे गेले. लष्कराने तिची स्वयंचलित आवृत्ती एम-१६ या नावाने स्वीकारली आणि कोल्टने १९६४ पासून अर्धस्वयंचलित आवृत्ती दुकानांत आणली. १९७७ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर ती कोणीही बनवू लागले. हलकी, धक्का कमी देणारी, सुटे भाग सहज बदलता येणारी ही बंदूक नेमबाज, शिकारी आणि घराच्या रक्षणासाठी शस्त्र ठेवणारे अशा सगळ्यांच्याच पसंतीस उतरली. तिची गोळी जेमतेम साडेतीन ग्रॅमची, पण वेग सेकंदाला ९०० मीटरहून अधिक. सामान्य पिस्तुलाच्या गोळीच्या दुपटीहून जास्त. शरीरात शिरल्यावर ती उलटीपालटी होते, बऱ्याचदा फुटते, आणि आजूबाजूचे अवयव फाडते. टेक्सासमधील उवाल्डे येथे मे २०२२ मध्ये अशाच रायफलीने शाळेत १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथल्या एका बालरोगतज्ज्ञाने नंतर संसदीय समितीपुढे सांगितले, की दोन मुलांची ओळख केवळ अंगावरच्या कार्टूनच्या कपड्यांवरून पटवावी लागली.

बंदीची मागणी पेटली ती जानेवारी १९८९ मध्ये. कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे शाळेच्या मैदानावर एके-४७ च्या धाटणीच्या रायफलीने पाच मुलांचा बळी घेतला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने देशातला पहिला राज्यस्तरीय बंदी कायदा केला. पुढे सिनेटर डायन फाइनस्टाइन यांच्या पुढाकाराने संघराज्याचा कायदा झाला. १३ सप्टेंबर १९९४ रोजी बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली. त्याला फोर्ड, कार्टर आणि रेगन या तिन्ही माजी अध्यक्षांचा, म्हणजे आज बंदीला विरोध करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या दोघांचाही, पाठिंबा होता, हे आजच्या वाचकाला खरे वाटणार नाही.

कायद्याची खरी गोम व्याख्येत होती. काही मॉडेलांवर नावानिशी बंदी आली. उरलेल्यांसाठी कसोटी अशी : मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढता-घालता येत असेल आणि घडीचा किंवा लांब-आखूड होणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन अडकवायची सोय, ज्वाळा लपवणारे नळीचे टोक, ग्रेनेड फेकण्याची सोय यांपैकी दोन गोष्टी असतील, तर रायफल बेकायदा. कारखानदारांनी संगीन अडकवायचा कोंब घासून टाकला, नळीचे टोक बदलले आणि तीच बंदूक नव्या नावाने विकली. उलट रुगर कंपनीची मिनी-१४ ही रायफल, दस्ता घडीचा नसल्यास, कायद्याच्या परिशिष्टात 'चालेल' म्हणून नोंदवलेली होती. तिच्यात एआर-१५ चेच काडतूस बसते, मॅगझिनही सुटे होते. फक्त लाकडी दस्त्यामुळे ती शेतकऱ्याची बंदूक दिसते. १९८९ मध्ये माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १४ स्त्रिया याच मॉडेलने मारल्या गेल्या होत्या. 'दिसायला भीतिदायक म्हणून बंदी' हा बंदूकधारकांचा टोमणा म्हणूनच अगदी पोकळ नाही. दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरील बंदी हाच या कायद्यातला अर्थपूर्ण भाग होता, पण आधीच बाजारात असलेली असंख्य मॅगझिने तशीच विकत मिळत राहिली. दहा वर्षांची मुदत सप्टेंबर २००४ मध्ये संपली आणि कायदा विरला. अभ्यासक क्रिस्टोफर कोपर यांनी त्याच वर्षी निष्कर्ष काढला, की एकूण बंदूकहिंसेवर झालेला परिणाम असलाच तर फार थोडा होता.

आकडे दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. एफबीआयच्या २०१९ च्या तक्त्यात सुमारे १३,९०० खुनांपैकी सर्व प्रकारच्या रायफलींनी झालेले ३६४ आहेत आणि पिस्तुलांचे सहा हजारांवर. म्हणजे रोजच्या हिंसाचाराचे शस्त्र पिस्तूलच. पण सँडी हूक (२०१२, २० मुले व ६ प्रौढ), लास व्हेगास (२०१७, ६० मृत), पार्कलंड (२०१८, १७ मृत) अशा सर्वांत प्राणघातक सामूहिक गोळीबारांत हीच रायफल किंवा तिचीच जातकुळी दिसते. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावर खपवण्यातच निम्मी चर्चा वाया जाते.

सँडी हूकनंतर फाइनस्टाइन यांचा नवा प्रस्ताव एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये ४० विरुद्ध ६० मतांनी पडला. जुलै २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने २१७ विरुद्ध २१३ मतांनी बंदी मंजूर केली. सिनेटमध्ये ती पुढे सरकली नाही. लास व्हेगासच्या मारेकऱ्याने वापरलेल्या 'बंप स्टॉक'वर ट्रम्प प्रशासनाने नियम करून बंदी घातली. बंदुकीचा धक्काच वापरून चाप पुन्हा पुन्हा बोटावर आपटवणारे हे साधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ती बंदी रद्द केली. न्या. थॉमस यांनी निकालपत्रात चापाच्या यंत्रणेच्या आकृत्या छापून दाखवले, की प्रत्येक गोळीला चाप वेगळा हलतो, सबब ही मशीनगन नव्हे.

अन्यत्र प्रश्न लवकर सुटला, कारण तिथे शस्त्र बाळगणे हा अमेरिकेसारखा घटनादत्त हक्क नाही. ऑस्ट्रेलियाने पोर्ट आर्थरनंतर (१९९६, ३५ मृत) साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या. न्यूझीलंडने क्राइस्टचर्चनंतर (२०१९, ५१ मृत) महिन्याभरात कायदा केला. संसदेत विरोधी मत एकच पडले. कॅनडाने मे २०२० मध्ये सुमारे १,५०० मॉडेलांवर बंदी घातली. त्यांत मिनी-१४ ही होती.

अमेरिकेत कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मेरिलंड, इलिनॉय, वॉशिंग्टन यांसह सुमारे दहा राज्यांत स्वतंत्र बंदी आहे. तिची वैधता, शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालातील 'सर्रास वापरात असलेली शस्त्रे' या निकषावर अडली आहे : कोट्यवधी लोकांकडे असलेली रायफल सर्रास वापरातली नाही असे कसे म्हणावे, हा एक पक्ष, याच निकालात एम-१६ सारख्या शस्त्रांवर बंदी चालेल असे सूचित केले आहे, हा दुसरा. मेरिलंडचा खटला सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ऐकायला घेतला नाही. न्या. कॅव्हानॉ यांनी मात्र लिहून ठेवले, की पुढच्या एक-दोन सत्रांत न्यायालयाने एआर-१५ चा प्रश्न लवकरच हाती घ्यावा.