चौसष्ट घरांच्या आधीचा गुणाकार

तीन जनुकांच्या (आईबापांकडून लक्षणं वाहून आणणाऱ्या घटकांच्या) संकराचं उदाहरण आलं की बारावीच्या वहीत आठ ओळी, आठ रकाने असा चौसष्ट घरांचा तक्ता अवतरतो. मग लक्षणांच्या प्रत्येक जोडणीची घरं मोजायची: २७, ९, ९, ९, ३, ३, ३, १. एक घर चुकलं की बेरीज हुकते. गंमत म्हणजे हा तक्ता आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेलचा नाहीच. त्याने सरळ गुणाकार केला होता.

ब्रनोच्या सेंट थॉमस मठातला हा माणूस १८५१ ते १८५३ व्हिएन्ना विद्यापीठात शिकत होता. तिथे त्याला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांपैकी एटिंग्सहाउसेन यांचा कॉम्बिनेशनच्या गणितावर ग्रंथ होता. वनस्पतींकडे अक्षरांची मांडणी म्हणून पाहण्याची नजर मेंडेलला तिथूनच मिळाली असावी, असं मला वाटतं.

मठाच्या बागेत १८५६ पासून त्याने वाटाण्यावर प्रयोग केले. दाण्याचा आकार आणि रंग अशी दोन लक्षणं एकत्र घेतलेल्या प्रयोगात १५ संकरित झाडांना ५५६ दाणे लागले. गोल पिवळे ३१५, सुरकुतलेले पिवळे १०१, गोल हिरवे १०८, सुरकुतलेले हिरवे ३२. आता रंग विसरा, फक्त आकार मोजा: गोल ४२३, सुरकुतलेले १३३. साधारण तीनास एक. आकार विसरून रंग मोजला तरी तेच, पिवळे ४१६ आणि हिरवे १४०. म्हणजे एका लक्षणाला दुसऱ्याची खबरच नाही. मग गोल पिवळ्यांचा वाटा पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे ९/१६. ५५६ पैकी ३१३ अपेक्षित, मिळाले ३१५.

तीन लक्षणांचा प्रयोग त्याला सर्वांत कष्टाचा गेला. २४ झाडांचे ६८७ दाणे, त्यातून वाढलेली ६३९ झाडं, आणि जनुकीय प्रकार (जनुकांच्या वेगवेगळ्या जुळण्या) २७. लक्षणं वाढतील तसे हे प्रकार तीनच्या घाताने वाढतात, हा नियमही त्याने १८६६ च्या निबंधात मांडून ठेवला. पाच जनुकांचा तक्ता १०२४ घरांचा होतो. गुणाकाराने मात्र पाचही अप्रभावी (चारात एकदाच दिसणारी) लक्षणं एकत्र येण्याची शक्यता, १/४ पाच वेळा गुणून, एका ओळीत १/१०२४ येते.

हा निबंध १९०० मध्ये पुन्हा उजेडात आला आणि पुढच्या दशकात केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेटने तो घरांचा चौकोनी तक्ता रूढ केला. शिकवायला सोयीचा, म्हणून तो टिकला. पण त्याच पनेटच्या हातून गुणाकाराची मर्यादाही उघडी पडली. बेटसन आणि सॉन्डर्स या सहकाऱ्यांसोबत स्वीट पी या फुलझाडावर केलेल्या प्रयोगात ३८१ झाडांमध्ये जांभळी फुलं आणि लांब परागकण असलेली २८४ निघाली, अपेक्षा २१४ ची. लाल फुलं आणि गोल परागकण असलेली ५५, अपेक्षा जेमतेम २४ ची. दोन लक्षणं जणू हात धरून चालली होती.

खुलासा न्यूयॉर्कला, मॉर्गन या शास्त्रज्ञाच्या फळमाश्यांमध्ये सापडला. एकाच गुणसूत्रावर (पेशीतल्या, जनुकं ओळीने वाहणाऱ्या धाग्यावर) शेजारी असलेली जनुकं बहुधा सोबत जातात, आणि जितकी दूर तितकी ताटातूट जास्त. ताटातुटीच्या टक्केवारीवरून अंतर मोजता येईल, हे १९११ मध्ये मॉर्गनच्या प्रयोगशाळेतल्या स्टर्टेव्हंट या पदवीच्या विद्यार्थ्याला सुचलं. कॉलेजचा गृहपाठ बाजूला टाकून त्याने जवळजवळ रात्रभर बसून गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला. तो १९१३ मध्ये छापून आला.